बटाटे काळे पडतील

गॉर्डन टीव्हीवर दिसायला लागला त्याच्या आधी दहा-बारा वर्षं तो नाटकांत कामं करत होता, हे आता कुणाच्या लक्षात नाही. तो माझा धाकटा भाऊ. फ्लीटवुडच्या गोदीजवळ आमचं तळलेले मासे आणि चिप्सचं दुकान होतं आणि त्याच्या वरच आम्ही राहायचो. कपड्यांना, केसांना, शाळेच्या पुस्तकांनासुद्धा चरबीचा वास. शाळेत पोरं गॉर्डनला "ए तळण" अशी हाक मारायची. मग तो त्यांच्यातल्याच एखाद्या दांडग्या पोराची नक्कल करून बाकीच्यांना हसवायचा आणि त्या गडबडीत सटकायचा. नक्कल करायला तो मार चुकवण्यासाठी शिकला.

बाबांचं नाव विल्फ्रेड बॅम्बर. गाव त्यांना विल्फ म्हणायचं. उंच, खांद्यात जरा वाकलेले, डाव्या कानानं जवळजवळ बहिरे. हात सदा पिठात, म्हणून नाक खाजलं की मनगटानं पुसायचे. गिऱ्हाइकाशी बोलणं म्हणजे "मीठ?" आणि "व्हिनेगर?" एवढंच. उरलेलं सगळं आई बोलायची. ईडिथ बॅम्बर काउंटरला उभी राहिली की रांगेतल्या शेवटच्या माणसाचीसुद्धा विचारपूस व्हायची, त्याच्या सासूच्या गुडघ्यापासून कुत्र्याच्या खरजेपर्यंत.

गॉर्डननं नाटकात जायचं म्हटल्यावर आमच्या घरात रण माजलं असेल, असं लोकांना वाटतं. तसं काही झालं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "तळायला तर तुला येत नाही. काहीतरी यायला हवं."

नटांच्या संघटनेत आधीच एक गॉर्डन बॅम्बर होता, त्यामुळे याला नाव बदलावं लागलं. त्यानं आईचं माहेरचं नाव घेतलं, गॉर्डन स्वारब्रिक. आईचा भाऊ हर्बर्टमामा गोदीत बोटींवरचे मासे उतरवायला होता. तो दिसेल त्याला थांबवून सांगायचा, "बॅम्बरांच्या घरात अखेर एक स्वारब्रिक जन्माला आला हो." बाबा त्यावर नुसते मान हलवायचे. पण त्यांना ते आवडलं होतं. बायकोचं नाव दारावरच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लागेल, असं त्यांच्या मनात असावं.

तसं मोठ्या अक्षरांत काही लागलं नाही. लहान लहान शहरांतल्या मंडळ्यांतून तो फिरला. दर आठवड्याला नवं नाटक. सकाळी पुढच्याची तालीम, संध्याकाळी चालू असलेल्याचा प्रयोग. घरगडी, फौजदार, निरोप घेऊन येणारा, मागे भाला धरून उभा राहणारा. खोल्या भाड्याच्या, आणि घरमालकिणी अशा की आंघोळीच्या खोलीला कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवणाऱ्या. वर्षातून एकदा बाबा दुकान बंद ठेवायचे आणि आम्ही तिघं बसनं त्याचं नाटक बघायला जायचो. प्रयोगानंतर मागच्या दाराशी आई त्याला कवटाळायची. बाबा टोपी हातात घेऊन म्हणायचे, "शेवटच्या रांगेत ऐकू आलं."

बाबांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कधी कुणाला मिळाली नाही, आणि गॉर्डनला ते कळायचं. त्याचा चेहरा उजळलेला मी पाहिलाय.

आई गेली ती सहासष्टच्या फेब्रुवारीत. छातीतलं दुखणं तिनं कितीतरी दिवस अंगावर काढलं होतं. एका पहाटे तिला इस्पितळात न्यावं लागलं. गॉर्डन तेव्हा प्रेस्टनला होता, तो मिळेल त्या गाडीनं आला. आम्ही तिघं खोलीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. दुपारी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "मिस्टर बॅम्बर, त्या गेल्या."

बाबा उठले. अंगात रविवारचा चांगला कोट होता, तरी त्यांनी दोन्ही हात पोटाला पुसले, दुकानात ॲप्रनला पुसायचे तसे. आधी उजवा, मग डावा. मग म्हणाले, "बरं मग. बटाटे काळे पडतील." आणि जिन्याकडे चालायला लागले.

त्या संध्याकाळी त्यांनी दुकान उघडलं. मी हात धरला, मामानं समजावलं, पण ते ऐकेनात. बातमी गोदीभर झाली होती. रांग कोपऱ्यापर्यंत गेली आणि त्या रांगेत एकही माणूस बोलत नव्हता. लोक पुडा घेत होते, टोपी काढत होते, जात होते. गॉर्डन आतल्या दारात उभा राहून बाबांकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलासुद्धा त्यानं नजर हलवली नाही. मला वाटलं, पोराला बापाची काळजी वाटतेय. वाटतही असेल.

त्यानंतर सहा वर्षांनी त्याचा फोन आला.

"नोरीन, मला मालिका मिळाली. टीव्हीवर. मुख्य काम माझं."

"कसलं काम?"

"विनोदी आहे. उत्तरेकडच्या एका चिप्सच्या दुकानाची गोष्ट."

"म्हणजे एवढं सगळं करून शेवटी तळणारच आहेस."

"तळण्याचं सोंग करणार आहे. बाबा आहेत का तिथं?"

बाबा शेजारीच होते. त्यांनी फोन घेतला नाही, ते मला म्हणाले, "चरबीत तळणार का तेलात, विचार."

मी विचारलं. गॉर्डन हसला. "चरबीत, सांग त्यांना. लंडनच्या लोकांना मी बजावून ठेवलंय."

बाबा खूश झाले. पुढचे दोन दिवस ते गिऱ्हाइकांना मीठ-व्हिनेगरच्या पलीकडे तिसरा शब्द बोलले. "पोरगा टीव्हीवर येणार."

मालिकेचं नाव होतं 'मीठ घालू का?' पहिला भाग शुक्रवारी संध्याकाळी होता. बाबांनी नवा रंगीत टीव्ही आणला, आणि शुक्रवार म्हणजे आमच्या धंद्याचा दिवस, तरी दुकान बंद ठेवलं. वरच्या खोलीत शेजारची लोकरवाली टॉपिंगबाई आली, हर्बर्टमामा आला, गोदीवरची आणखी चार-पाच माणसं जिन्यात उभी राहिली. मी हॅमचे सँडविच केले होते.

गॉर्डन पडद्यावर आला आणि जिन्यातली माणसं खिदळायला लागली. पोटाला उशी, डोक्याला टोपी, खांदे वाकलेले. दुकानदाराचं नाव एली पॉलिट. त्यानं मनगटानं नाक पुसलं. डावा कान पुढे करून गिऱ्हाइकाला विचारलं, "काय म्हणालात?"

"अरे विल्फ, हा तर तू," मामा म्हणाला.

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबाही हसले. खरंच हसले. "मी एवढा जाड कुठाय," म्हणाले. टॉपिंगबाई म्हणाली, "पोट सोडलं तर हुबेहूब आहे हो, विल्फ. मेला तुम्हाला घोटून प्यायलाय." बाबांनी तेही हसून घेतलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे गॉर्डन सगळ्यांना सांगायचा की म्हाताऱ्याला विनोद झेपला नाही. चालणं, कान, नाक, सगळं त्यांना झेपलं होतं.

मग त्या गोष्टीत एली पॉलिटची बायको विमावाल्याबरोबर पळून जाते. शेजारीण धापा टाकत दुकानात येते आणि सांगते, "एली, तुझी बायको गेली रे." एली थांबतो. दोन्ही हात पोटाला पुसतो, आधी उजवा, मग डावा. आणि म्हणतो, "बरं मग. बटाटे काळे पडतील."

टीव्हीतले प्रेक्षक हसत सुटले. थांबेचनात. गॉर्डननं ते हसू ओसरेपर्यंत चेहरा तसाच धरून ठेवला. आमच्या खोलीतही सगळे हसले. मामा तर मांडीवर थाप मारून हसला. त्या दिवशी तो इस्पितळात नव्हता, त्याला काय ठाऊक. बाबा हसले नाहीत. ते उठले आणि जिन्यातल्या माणसांतून वाट काढत खाली गेले.

मी पाठोपाठ गेले. दिवा न लावता ते कढईजवळ उभे होते. स्वच्छ घासलेली जाळी त्यांनी पुन्हा घासायला घेतली होती.

"तेव्हा तिथं कोण होतं, नोरीन?"

"आपण तिघंच."

"ती नर्स?"

"ती तोवर आत गेली होती."

"हं," बाबा म्हणाले. "मग त्यानंच." आणि पुन्हा जाळी घासायला लागले.

महिनाभरात ते वाक्य देशभर झालं. प्रत्येक भागात एलीवर काहीतरी कोसळायचं, आग लागायची, छत पडायचं, सासू राहायला यायची, आणि शेवटी तो हात पुसून तेच म्हणायचा. शाळेतली पोरं म्हणायला लागली. कुठलासा कारखाना बंद पडायला आला तेव्हा संपावरच्या कामगारांनी फलकावर लिहिलं. चहाचे मग निघाले, ताटं पुसायची फडकी निघाली. टॉपिंगबाईंनी एक फडकं आणलंही होतं भेट म्हणून. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी ते दुकानामागच्या कपाटात खाली दडपलं.

आमचा धंदा वाढला. ब्लॅकपूलहून ट्राममध्ये बसून लोक खास बघायला यायचे, कारण कुठल्याशा वर्तमानपत्रात नटाच्या बापाचं खरं दुकान इथं आहे असं छापून आलं होतं. काउंटरला टेकून म्हणायचे, "काय आजोबा, बटाटे काळे पडले का?" कुणी पोराला पुढे करून म्हणायचं, "म्हणा ना एकदा, याच्यासाठी."

बाबांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. ते फक्त स्वतःला आवरत गेले. आधी त्यांनी "बरं" म्हणायचं सोडलं. मग हात पुसायचं सोडलं. पिठाचे हात तसेच लोंबत ठेवायचे. नाक खाजलं तर आत जायचे. एकदा बोल्टनच्या एका बाईनं त्यांना डावा कान पुढे करताना पाहिलं आणि नवऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघ, किती छान नक्कल करतात त्याची."

त्या दिवसापासून बाबा काउंटरला आले नाहीत. मी पुढं, ते मागं. मागच्या खोलीत एका उलट्या पेटीवर बसून बटाटे सोलायचे. दार लोटून घ्यायचे.

मी लंडनला गेले. आयुष्यात दुसऱ्यांदा. चित्रीकरणाच्या इमारतीत गॉर्डनच्या नावाची स्वतंत्र खोली होती, तिथं तो आरशासमोर बसला होता, पोटाची उशी खुर्चीवर काढून ठेवलेली. मला बघून त्याला खरोखर आनंद झाला. चहा मागवला, बिस्किटं मागवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला "ही माझी ताई" म्हणून ओळख करून दिली.

दार लागल्यावर मी विचारलं, "ते वाक्य तू टीव्हीवाल्यांना का दिलंस?"

तो लगेच समजला. कुठलं, म्हणून विचारलं नाही.

"दिलं नाही गं. तालमीत तो प्रसंग पडत होता. बायको गेल्यावर एली काय म्हणेल, कुणालाच सुचत नव्हतं. डेस, म्हणजे आमचा लेखक, त्यानं पाच-सहा ओळी लिहिल्या, सगळ्या मेलेल्या. माझ्या तोंडून हे निघून गेलं. आणि सगळे हसले, नोरीन. दिवे लावणारे, चहा देणारी बाई, सगळे. मला बघून असं कुणी कधी हसलं नव्हतं."

"आई मेली होती त्या दिवशी."

"मला माहीत आहे."

"तुला हसू आलं होतं का, तेव्हा?"

"नाही." तो बराच वेळ उशीकडे बघत राहिला. "पण लक्षात राहिलं होतं."

"बाबा मागच्या खोलीत बसतात आता. पुढं येत नाहीत."

"लोक प्रेम करतात गं त्यांच्यावर."

"तुझ्यावर करतात. त्यांना म्हणतात, नक्कल छान करता."

त्याचा चेहरा पडला. आता वाक्य काढणं त्याच्या हातात नाही, करार झालाय, लोक त्याचीच वाट बघतात, असं सगळं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, "ते मला नको सांगूस. घरी ये आणि त्यांच्यासमोर बस." तो म्हणाला, "येतो. शपथ." स्टेशनवर सोडायला आला तेव्हा त्यानं माझ्या पिशवीत बाबांसाठी तंबाखूचा डबा घातला.

आला तो मे महिन्यात. मी भरून पावले, पण त्याच्यामागून मोटारीतून आणखी दोघं उतरले, एक वर्तमानपत्रवाली बाई आणि एक फोटोवाला.

"फक्त एक फोटो, नोरीन. ते इथपर्यंत सोडायला आले, नाही कसं म्हणणार? मग ते जातील आणि आपण निवांत बसू."

दुकानात दुपारची रांग होती. गॉर्डनला बघून गलका झाला. आवाज ऐकून बाबा मागच्या खोलीतून बाहेर आले. पोरगा आला म्हणून आले. त्यांनी हातसुद्धा पुढे केला होता. तेवढ्यात फोटोवाल्यानं त्यांना खांद्याला धरून गॉर्डनशेजारी उभं केलं आणि म्हणाला, "झकास. आता दोघंही पोटाला हात पुसा. आणि आजोबा, ते वाक्य तुम्ही म्हणा. खऱ्या तोंडून येऊ दे एकदा."

सगळे वाट बघत होते. गॉर्डन म्हणाला, "राहू द्या हो, नुसता फोटो घ्या," पण हसत हसत म्हणाला. वर्तमानपत्रवाली बाई त्याच्याकडे बघत होती ना.

बाबांनी ॲप्रनची गाठ सोडली. ॲप्रन डोक्यावरून काढून नीट घडी घातली आणि गॉर्डनच्या हातात दिली.

"तूच कर," म्हणाले. "तुझं पाठ आहे."

आणि टोपी घालून समोरच्या दारानं निघून गेले. रांगेतल्या माणसांनी त्यांना वाट करून दिली. गोदीवरचा एक म्हातारा नावाडी काही न घेताच त्यांच्यामागून बाहेर पडला. गॉर्डननं फोटो काढून दिला. ॲप्रन बांधून, एकट्याचा. तो छापूनही आला.

बाबा चहाच्या वेळेला परतले, खाडीच्या काठानं चालून आल्यामुळे बूट चिखलात माखलेले. गॉर्डन स्वयंपाकघरात बसला होता. मी त्याला जाऊ दिलं नव्हतं.

"बाबा, मला कळत नव्हतं तुम्हाला एवढं लागेल," तो म्हणाला. "एका वाक्याचं काय एवढं, असं वाटलं. दुःखात माणूस काहीतरी बोलून जातो."

बाबांनी बूट काढले. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले, उजवा कान त्याच्याकडे करून, म्हणजे सगळं ऐकायचं होतं त्यांना.

"मी काहीतरी बोललो नव्हतो. आदल्या रात्री तुझ्या आईनं ते बटाटे सोलले. दोन बादल्या. तिचा यंत्रावर विश्वास नव्हता, यंत्र निम्मा बटाटा खातं म्हणायची. मी म्हटलं, ईडिथ, झोप, तुला श्वास लागतोय. म्हणाली, एवढे करते. एकेका बटाट्याला थांबत होती. मी शेजारी बसलो होतो. पहाटे तिला नेलं तेव्हा बादल्या तशाच पाण्यात होत्या."

मी तोवर हे ऐकलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी मीच ते बटाटे कापले होते, आणि ते कुणी सोलले हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"तिनं शेवटचं केलेलं काम ते. मी ते फेकून देऊ? काळे पडू देऊ? लोकांनी खाल्ले ते. आख्ख्या गोदीनं खाल्ले."

गॉर्डन टेबलावर डोकं ठेवून रडला. लहानपणी रडायचा तसा, खांदे उडवून. बाबांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

"मी थांबवतो, बाबा. मालिकेच्या पुढच्या भागांत नाही येणार ते."

"तुला जमेल तसं कर. पण हे आत्ता सांगितलं ते या घरातच राहू दे."

"राहील."

"ते तिचं आहे."

"राहील म्हटलं ना, बाबा."

मालिकेचे नवे भाग ऑक्टोबरात आले. पहिल्याच भागात, चहा कपात ओतेपर्यंत, एलीनं हात पुसले. मी टीव्ही बंद केला. बाबा म्हणाले, "असू दे. करार असेल." त्यांनी तेही माफ केलं, मला जमलं नाही.

मालिका आणखी तीन वर्षं चालली. गॉर्डननं लंडनबाहेर घर घेतलं, लग्न केलं, मोडलं. मग लोक कंटाळले, मालिका थांबली. हिवाळ्यात मुलांच्या नाटकांत बायकी वेश करून तो कामं करायला लागला. चांगली कामं करायचा, हे मी नाकारणार नाही. ब्लॅकपूलला आला होता तेव्हा मी जाऊन पाहिलंय. पण गंभीर नाटकवाले त्याला घेईनात. एली पॉलिट म्हणूनच सगळे त्याला ओळखायचे. फोनवर तो म्हणायचा, "नोरीन, लोकांना माझ्यात फक्त पोटाची उशी दिसते." मी ऐकून घ्यायची.

मग सत्त्याहत्तरच्या शरदात त्याला टीव्हीवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात बोलावलं. शनिवार होता. तोवर बाबांना दम लागायला लागला होता, दुकान मी एकटी बघायची. त्या संध्याकाळी मी जरा आधी आवरून वर आले. बाबा म्हणाले, "लाव. बघू काय म्हणतो."

गॉर्डन देखणा दिसत होता. कानाजवळ केस पांढरे झालेले, आवाज मऊ. कार्यक्रम चालवणाऱ्या गृहस्थानं विचारलं, "ते प्रसिद्ध वाक्य आलं कुठून?" आणि गॉर्डन क्षणभर थांबला. हे थांबणं मला ओळखीचं होतं. हसू ओसरू देतो तेव्हाचंच ते थांबणं.

मग त्यानं सांगितलं. इस्पितळातला बाक. नर्स. रविवारचा कोट. दोन बादल्या. एकेका बटाट्याला थांबणारी आई. यंत्र निम्मा बटाटा खातं, हेही. मध्ये एकदा त्याचा आवाज फुटला. तो खराच फुटला असेल. त्याचं खरं कुठलं आणि कामातलं कुठलं, हे शोधणं मी सोडून दिलंय. शेवटी तो म्हणाला, "आणि आख्ख्या गोदीनं ते खाल्ले." मग टाळ्या. लोक उभे राहिले.

बाबा उठले, टीव्हीपर्यंत चालत गेले आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला तरी ते तिथंच उभे राहिले, हात यंत्रावर टेकून.

"सगळं नेलं त्यानं," म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, बसा."

"घरात काही ठेवलं नाही, नोरीन."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये लोक येऊन त्यांचे हात हातात घेत होते. टॉपिंगबाईंचे डोळे ओले होते. "किती सुंदर सांगितलं हो पोरानं. आम्हाला माहीतच नव्हतं." बाबा सगळ्यांना मान हलवून उत्तर देत होते. त्या कार्यक्रमानंतर गॉर्डनला पुन्हा गंभीर कामं मिळायला लागली. एका मोठ्या नाटकात बापाचं काम मिळालं, समीक्षकांनी वाखाणलं. त्यानं आम्हाला दोन जागा राखून ठेवल्या होत्या. बाबा म्हणाले, "दम लागतो, प्रवास नको." तेही खरंच होतं म्हणा.

पुढचं वर्ष सरता सरता बाबा गेले, झोपेत. मी एकटीच होते, आणि ते बरं झालं. अंत्यविधीला गॉर्डन आला, काळ्या कोटात, एकटा. चर्चच्या फाटकात एका बाईनं त्याच्यापुढे वही धरली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं, आणि सही केली. हर्बर्टमामा माझ्या कानाशी म्हणाला, "जाऊ दे पोरी, त्याला नाही म्हणता येत नाही." मामाचं बरोबर असेल. शेवटी त्याच्यात दुष्टपणा असा मला कधी सापडलाच नाही. सापडला असता तर सोपं गेलं असतं.

मी दुकान विकलं. त्याच्याशी बोलणं टाकलं नाही. रक्ताचं आहे, आणि आता आम्ही दोघंच उरलोय. दर रविवारी त्याचा फोन येतो. मी हवा सांगते, गोदीतल्या बोटी किती कमी झाल्या ते सांगते, कोण गेलं ते सांगते. तो त्याच्या कामाचं सांगतो. तो आवाजावरून माणूस ओळखतो, त्यामुळे मी आवाजही सपाट ठेवते.

गेल्या महिन्यात माझ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून, दार लावून, जे सांगायचं ते सांगितलं. हे मी गॉर्डनला कळवलं, कळवायला हवंच होतं. तो रडला, मग येतो म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाला, "त्यांनी सांगितलं तेव्हा तू काय म्हणालीस, नोरीन?"

"काही नाही," मी म्हटलं. "ऐकून घेतलं."

"काहीतरी म्हणाली असशील ना."

"नाही रे," मी म्हटलं, आणि विचारलं, तिकडे थंडी कितपत आहे.